रिकाम्या झोळीचा भार

तो हुक राहू दे, अम्झार. मोबाइल टांगायला तो सोयीचा आहे, बरोबर तुझ्या तोंडासमोर येतो, हे मलाही दिसते. तरीही हात खाली घे. आणि झिक्री, तू उंबऱ्यात उभा राहू नकोस. आत ये, चटईवर बस. साबुकंद अजून गरम आहे, खोबरे त्या वाटीत आहे.

नमाजाच्या या जागी, सुराऊच्या ओसरीवर, चित्रण करण्यापूर्वी तुम्ही परवानगी मागायला आलात, हे बरे केले. नवे चॅनेल काढायचे म्हणता. काढा. मी त्याच्या विरुद्ध नाही. ज्या जिभेने माणूस प्रार्थना म्हणतो त्याच जिभेने खोटेही बोलतो. म्हणून जीभ कोणी कापून टाकत नाही. परंतु परवानगी देण्यापूर्वी तुम्हाला एक हकिकत ऐकावी लागेल. सुहैमीला तुम्ही ओळखता. शाळेची व्हॅन चालवतो, तोच. थोडे त्याने मला सांगितले, थोडे त्याच्या बायकोने, आणि थोडे मी या डोळ्यांनी पाहिले. माझ्या पदरचे त्यात काही घालणार नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रजब महिन्यातल्या एका शनिवारी, मुलांना सुट्टी असताना, सुहैमी क्वाला कांग्सारला एक स्प्रिंग आणायला गेला. झोळीची स्प्रिंग. तुम्ही सगळे असल्याच स्प्रिंगला टांगलेल्या झोळीत वाढलात. वर तुळई, तुळईला स्प्रिंग, स्प्रिंगला हुक, हुकाला आईचा सारोंग, आणि सारोंगात तुम्ही.

बाजारातल्या आह सेंगच्या दुकानात त्याने स्प्रिंग मागितली. आह सेंग म्हातारा, सगळ्या तालुक्याच्या झोळ्या त्याच्याच स्प्रिंगांवर हलतात. त्याने चष्म्यावरून पाहिले.

"बाप झालास, आणि माझी लाल अंडी कुठे आहेत?"

बाळ महिन्याचे झाले की चिनी लोक लाल अंडी वाटतात. सुहैमी हसला. आह सेंगने विचारले, मुलगा की मुलगी. मुलगी. वजन किती? कारण वजनाप्रमाणे स्प्रिंगची तार जाड किंवा बारीक असते. सुहैमी म्हणाला, चार किलो.

आता लक्षात घ्या. त्या दिवशी सुहैमीच्या घरात मूल नव्हते. लग्नाला आठ वर्षे झाल्यावर त्याची बायको रोहाया तेव्हा कुठे पाचव्या महिन्यात होती. 'मूल अजून यायचे आहे, स्प्रिंग चित्रणासाठी हवी आहे,' एवढे सांगायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य त्याने खर्चले नाही. उलट म्हणाला, अंडी पुढच्या आठवड्यात आणतो. खोटे असेच येते. ते दार फोडून येत नाही. दुकानात थट्टा चालली असताना मागच्या मागे आत शिरते.

चित्रणाचे कारण असे. सुहैमीचा गळा ही अल्लाहची देणगी आहे. गावात कोणाच्या बाळाचा बेरेन्दोई असला, बाळाला पहिल्यांदा झोळीत घालून आम्ही पुरुष मंडळी स्तोत्रे आणि अंगाई म्हणत असलो, की तो माझ्या उजव्या हाताला बसायचा. त्याने सूर लावला की रडणारे बाळ गप्प व्हायचे, आणि बाळाची आजी रडायला लागायची. व्हॅन मात्र दुसऱ्याच्या मालकीची. आठ वर्षांनी लेकरू येते आहे, त्याच्या आधी स्वतःचे काही उभे राहावे, अशी त्याची इच्छा होती. इच्छेत पाप नव्हते. त्याने अंगाईगीतांचे चॅनेल काढले. आईबापांनी रात्री लावावे, मूल झोपावे.

पहिल्या चार व्हिडिओंत तो घराच्या भिंतीसमोर उभा राहून गायला. पाहणारे कोण, तर रोहाया, तिची बहीण आणि मी. रोहाया म्हणाली होती, "अबांग, पोलिसांनी फोटो काढायला उभं केल्यासारखे दिसताय. पुढच्या वेळी हातात पाटी पण धरा." ती तेव्हा असे बोलायची. नवऱ्यावर तिचा विश्वास होता, म्हणून थट्टा होती.

इपोहला तिचा एक भाचा या व्यवसायात मुरलेला. त्याने मामाला सल्ला दिला की नुसते गाणे कोणी पाहत नाही, लोकांना झोळी दाखवा. आणि जो कोणी कमेंट करील त्याला नाव घेऊन उत्तर द्या. नवशिक्याने एकाही माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये.

म्हणून स्प्रिंग आली. ओसरीच्या तुळईला झोळी लागली. रात्री कोंबडे आणि मोटारसायकली गप्प झाल्या, रोहाया झोपली, की सुहैमी तिथे बसू लागला. पाठ झोळीकडे, तोंड मोबाइलकडे, झोळीची दोरी डाव्या हातात. दोरी ओढायची आणि गायचे.

रिकामी झोळी हलवू नये, हे तुम्हाला आईने सांगितले आहे. त्यालाही सांगितलेले होते. रिकाम्या झोळीला झोका दिला, की ज्याला झोळी नाही ते येऊन निजते. ते तो विसरला नव्हता. कॅमेऱ्यासाठी हलवले तर ते हलवणे धरत नाहीत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कोण धरत नाही, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

परंतु स्प्रिंगला खोटे कळते. वजन नसले की ती खाली येत नाही. झोळी वर चिकटून राहायची आणि मासा गळाला लागल्यासारखी उडायची. कोणीतरी कमेंट केली, "आत बाळ आहे की सारोंग वाळत घातलाय?" सुहैमीने आत तांदळाची पिशवी ठेवून पाहिली. तांदूळ तळाशी बसले, आकार येईना.

आता इथे मी येतो, गाव ज्याला तोक, आजोबा म्हणते तो. त्याच आठवड्यात या सुराऊत मी वर्ग घेतला होता. मय्यतीला आंघोळ कशी घालावी, कफन कसे गुंडाळावे, हे दरवर्षी शिकवतो. तुम्हीही शिकला आहात. मृतदेहाच्या जागी आपण केळीचा खुंट घेतो. त्या वर्षी मी तान्ह्या बाळाचे कफन शिकवले, म्हणून खुंट आखूड कापला होता. एका हातावर मावेल एवढा. त्याला आम्ही धुतले, आधी उजवी बाजू, मग डावी. कापूर लावला. पांढऱ्या कापडात गुंडाळला. गाठी मी स्वतः मारल्या.

वर्ग संपला की काय करायचे असते, झिक्री?

बरोबर. कापड सोडायचे, खुंटाचे तुकडे करायचे आणि केळीच्याच बेटात परत टाकायचे. माणसाच्या आकारात तो पडून राहू द्यायचा नाही. ज्याला माणूस समजून धुतले, त्याला पुन्हा केळ करून सोडावे लागते. त्या दिवशी हे काम ज्या दोघांकडे होते त्यांनी ते सकाळवर ढकलले. सकाळी खुंट जागेवर नव्हता. बकऱ्यांनी खाल्ला असेल, ते म्हणाले. मी म्हणालो, बकऱ्या कफनाचे कापड खातात का? त्या दिवसापासून मी गावातल्या प्रत्येक बकरीकडे संशयाने पाहत होतो. पाहायला हवे होते तो माणूस माझ्याच उजव्या हाताला बसून गात होता.

खुंट ठेवल्यावर झोळी भरली. स्प्रिंग हवी तेवढी खाली आली, लयीत हलू लागली. आणि लोक आले. पेनांगहून, जोहोरहून, समुद्रापलीकडच्या सुमात्राहून. किती शांत झोपते हो तुमची मुलगी, असे ते म्हणू लागले. सुहैमीने कोणालाही 'ती मुलगी नाही' असे उत्तर दिले नाही. एकेकाचे नाव घेऊन तो आभार मानायचा.

मग एका बाईने विचारले, नाव काय तिचे?

एक रात्र त्याने टाळले. दुसऱ्या रात्री दहा जणांनी विचारले. तेव्हा त्याने नाव सांगितले.

कोणते नाव, हे मी आज उच्चारणार नाही. येणाऱ्या मुलीसाठी त्या दोघांनी जे नाव ठरवले होते, आणि प्रार्थनेखेरीज कुठे तोंडातून काढले नव्हते, ते नाव. पुढे मी त्याला विचारले, दुसरे एखादे सांगता आले नसते का? तो म्हणाला, "तोक, त्या वेळी जिभेवर तेवढंच होतं."

पोटातल्या लेकराचे नाव त्याने कफनातल्या केळीला दिले.

गावात गोष्ट पोचायला वेळ लागत नाही. माक तेह सकाळी आपल्या फाट्यावर नारळी भात विकते, ती रोहायाला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची लेक गोड गं. चेहरा तेवढा दाखवत नाही. आईवर गेली असेल." मग भाताची पुडी बांधता बांधता पुढे म्हणाली, "कुठली आहे आई? सियामची हद्द काही लांब नाही."

बाकीच्या बायका हसल्या. रोहायाही हसली. पुडी घेऊन घरी आली आणि ती पुडी तशीच कोंबड्यांना घातली.

सीमेपलीकडे जाऊन गुपचूप दुसरे लग्न करून आलेले नवरे या गावाने पाहिलेले आहेत. ती नवऱ्याला काही बोलली नाही. हीच तिची चूक. संशय बोलून टाकला तर तो प्रश्न असतो. पोटात ठेवला तर तो पोटातल्या सगळ्याला लागतो. ती त्याचे शर्ट हुंगू लागली. व्हॅनमध्ये सीटखाली हात घालून पाहू लागली. आणि सुहैमी, ज्याला लपवायचे होते, तोही तिच्याकडे संशयाने पाहू लागला, हिला कळले असेल का म्हणून. एकाच ताटातला मासा दोघे खात, आणि दोघेही एकमेकांच्या हाताकडे बघत.

एका रात्री तिला जाग आली. ओसरीवर नवरा हळू आवाजात एका मुलीला हाक मारत होता. लाडाने. आणि नाव...

तिने दार उघडले. सरळ झोळीपाशी गेली. कापड बाजूला केले.

आतला खुंट पाहून ती खाली बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "केळ? अबांग, माझी सवत केळ?" सुहैमीही हसला, सुटल्यासारखा. नशीब म्हणायचे ते, तो नुसता सराव करत होता, मोबाइल बंद होता. बऱ्याच दिवसांनी ती दोघे एकत्र हसत होती.

मग तिचे हसू थांबले. "पण नाव? नाव कुणाचं घेत होतात?"

तो झोळीचे कापड पुन्हा सारखे करू लागला.

"तिचं नाव तुम्ही ह्याला दिलंत?"

त्याने कान पकडले. वचन दिले, आता नाही. फक्त एकदा, अर्ध्या शाबानच्या रात्री. त्या रात्री लाइव्ह येणार असे आधीच सांगून बसलो आहे, लोक वाट पाहतील. त्यानंतर झोळी उतरवतो.

शाबान महिन्याची पंधरावी रात्र. त्या वर्षी ती गुरुवारी आली होती. माणसाच्या वर्षाचा हिशेब त्या रात्री मिटतो आणि नवा उघडतो असे आपल्याकडे मानतात. सूर्यास्ताच्या मगरिब नमाजानंतर सगळे गाव या सुराऊत कुराणातला यासीन अध्याय वाचायला बसते, तीनदा. सुहैमी दोन यासीनला होता. तिसऱ्याच्या आधी मी उजवीकडे पाहिले. जागा रिकामी होती. चटईवर त्याच्या गुडघ्यांच्या खुणा तेवढ्या.

तो घरी जाऊन मोबाइलसमोर बसला होता. रोहाया आत निजली होती. तिला सांगितलेच होते, आजची शेवटची. पाठ झोळीकडे. दोरी डाव्या हातात. त्याने गायला सुरुवात केली. त्या रात्री पूर्वी कधी नव्हते इतके लोक होते. परंतु हवा बदललेली होती. कमेंट येऊ लागल्या.

चेहरा दाखवा.

इतक्या दिवसांत एकदाही रडली नाही, कसे काय?

आणि एकाने लिहिले, "आमच्या गावात मय्यतीच्या वर्गात केळीचा खुंट असाच गुंडाळतात."

सुहैमीने ती ओळ दोनदा वाचली. तरीही, मुलांनो, अजून वेळ होती. एक वाक्य. आह सेंगच्या दुकानात न खर्चलेले तेच वाक्य. ते न बोलता तो रागावला. म्हणाला, "माझी मुलगी आहे ती. माझ्या लेकराला केळ म्हणता?" आणि त्याने मोठ्याने तिला हाक मारली. त्या नावाने. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाला, "ऊठ गं, दाखव यांना."

मग हसला. कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात जोडले, झोपलेल्या लेकराला कशाला उठवू म्हणाला, आणि हात मांडीवर ठेवून पुन्हा गाऊ लागला.

कमेंट थांबल्या.

पाहणाऱ्यांचा आकडा वाढत होता. लिहीत कोणी नव्हते.

त्याला वाटले, नेट गेले. तो गात राहिला.

बऱ्याच वेळाने एक ओळ आली. "भाऊ, दोरी तुमच्या हातात नाही."

त्याने खाली पाहिले. दोन्ही हात मांडीवर. दोरी जमिनीवर.

मागे हुक करकरत होता. कुईं... कुईं... एका लयीत. त्याच्याच गाण्याच्या लयीत.

तो गायचा थांबला.

हुक थांबला नाही.

"मागे बघू नका," कोणीतरी लिहिले.

दुसऱ्याने लिहिले, "कापड आतून..."

पुढे काही नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून रोहायाचा आवाज आला. झोपेतला, जड आवाज. "अबांग... घ्या ना तिला. किती वेळ रडतेय."

सुहैमीला रडणे ऐकू येत नव्हते. त्याने कान दिला. काहीही नाही. फक्त हुक. कुईं... कुईं...

मग तोही नाही.

तो वळला.

झोळी स्तब्ध होती. मात्र खाली आलेली. फरशीपासून चार बोटांवर. स्प्रिंग ताणून तारेसारखी झालेली. त्याने कापडाखाली हात घातला. रोज एका हाताने उचलायचा. त्या रात्री दोन्ही हात लागले.

मी विचारले, गरम होते का?

तो म्हणाला, "तोक, ते विचारू नका."

सकाळी उठला तेव्हा रात्रीचा तो तुकडा देशभर फिरत होता. वर्षभर घाम गाळूनही येत नाहीत इतके लोक एका रात्रीत त्याच्या चॅनेलला आले. कोणी भूत म्हणत होते, कोणी मागे काळ्या दोऱ्याची करामत आहे म्हणत होते. पाहत सगळे होते. लहान मुलांची दुपटी बनवणाऱ्या कोणा कंपनीचा निरोप आला, जाहिरात करता का? सुहैमीने घाबरायला हवे होते. तो घाबरला होताच. पण उत्तरेही देत होता. एकेकाचे नाव घेऊन.

आणि रोहाया पोटावर हात ठेवून बसली होती.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, आज निजलीय वाटतं. दुसऱ्या दिवशी एकटीच दवाखान्यात गेली. नर्सने यंत्र लावले. ठोके ऐकू येत होते, हालचाल मात्र नव्हती. उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे या, असे सांगितले. घरी येऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. तो मोबाइलमध्ये होता.

"नाव परत घ्या," ती म्हणाली. "ते तिचं आहे. तिला हाक मारतेय मी दोन दिवस, ती ओ देत नाही. तिला वाटत असेल, हाक दुसऱ्या कुणाला आहे."

त्या संध्याकाळी सुहैमी माझ्याकडे आला. हातात बाटली. पाण्यावर दुआ म्हणून द्या, तोक, म्हणाला. मग त्याने सगळे सांगितले. मी पाण्यावर दुआ म्हटली. ती देणे माझे कर्तव्य होते. परंतु त्याला सांगितले की खोटे माणसांसमोर बोललास, ते पाण्याने धुतले जाणार नाही. ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोरच ते उतरवावे लागेल.

त्याने मान खाली घातली. "सगळं जाईल, तोक. आत्ता कुठे उभं राहतंय."

मी विचारले, "काय उभं राहतंय?"

त्याने बाटलीचे झाकण घट्ट केले.

रात्रीची इशाची नमाज झाल्यावर मी त्याच्याबरोबर गेलो. या वेळी तो झोळीकडे तोंड करून बसला, आणि मोबाइल मी धरला. त्याने खुंट बाहेर काढला, सर्वांना दाखवला. ही माझी मुलगी नाही, म्हणाला. मला अजून मूल नाही. हा सुराऊच्या मागचा केळीचा खुंट आहे, मी तो न विचारता उचलला. जे नाव मी घेतले ते माझ्या न जन्मलेल्या लेकीचे आहे, ह्याचे नाही. मी ते परत घेतो. मला क्षमा करा.

लोकांनी क्षमा केली नाही. शिव्या आल्या, त्या मी वाचल्या, इथे सांगणार नाही. पाहणारे पाण्यासारखे ओसरले. त्याने एकेक शिवी ऐकून घेतली आणि चॅनेल कायमचे बंद केले. हे करताना त्याचा आवाज एकदाही फाटला नाही. मी त्याला त्या रात्री जितका मान दिला तितका त्याच्या गळ्याला कधी दिला नव्हता.

मग कापड सोडले. गाठी माझ्या होत्या. जशाच्या तशा. आतल्या खुंटाला मधून पांढरा कोंब फुटून वर आला होता, बोटभर. कापलेली केळ काही दिवस मधून वाढत राहते, हे तुम्हाला माहीत आहे. मीही तेच म्हणालो. आम्ही त्याचे तुकडे केले आणि केळीच्या बेटात टाकले. कफनाचे कापड चिकाने तपकिरी झाले होते, तेही पुरले. रोहाया पायरीवर बसून होती. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

पहाटे मी अजान द्यायला उभा राहिलो. 'नमाज झोपेपेक्षा श्रेष्ठ आहे' या ओळीवर आलो, आणि पलीकडच्या त्यांच्या घरातून रोहायाची हाक ऐकू आली. नवऱ्याला मारलेली. भीतीची नव्हती ती. त्याच क्षणी तिच्या पोटात लाथ बसली होती.

मुलगी सुखरूप झाली. नाव दुसरे ठेवले, इन्सीराह. तीच, जी दुपारी इथे कुराण शिकायला पुढच्या रांगेत बसते आणि अम्झार, तुझ्यापेक्षा चांगले वाचते. तिला झोळीत कधी घातले नाही. मांडीवर वाढली. बाप तिला गाऊन झोपवायचा, दार लावून, कोणाला न दाखवता.

राहिली स्प्रिंग.

सुहैमी ती आह सेंगकडे परत घेऊन गेला. आह सेंगने टेबलावर ठेवून तपासली. वेटोळी घट्ट मिटलेली, पोलाद उत्तम. मग खिळ्याला टांगली, आणि ती खाली आली. रिकामीच. काढून टेबलावर ठेवली, मिटली. टांगली, खाली आली. आह सेंगने आधी खिळा पाहिला, मग सुहैमीकडे पाहिले. "मुलगी बरी आहे ना?" एवढे त्याने विचारले. आणि स्प्रिंग कागदात गुंडाळून त्याच्या हातात परत दिली.

मग ती मी मागून घेतली. जिथे रोज कुराण वाचले जाते त्या छपराखाली ती असावी, असे मला वाटले. वाटले, पाठ ऐकता ऐकता वर जाईल. नाव परत घेतो म्हणून माणसाने सांगितले होते. ज्याला दिले होते त्याने ते परत दिले की नाही, हे मला ठाऊक नाही. अल्लाहला ठाऊक.

तुम्हाला परवानगी आहे. ओसरीवर चित्रण करा. पलीकडच्या खांबाला खिळा आहे, मोबाइल तिथे लावा. जे नाही ते आहे म्हणून दाखवू नका, आणि कोणाला नाव देण्याआधी ते कोणाचे आहे ते विचारा.

हो, अम्झार. हीच ती.

वर बघू नकोस, हुकाकडे बघ. त्याला काही टांगलेले नाही. कधीच टांगलेले नव्हते. सहा वर्षांपूर्वी मी ती या तुळईला लावली, तेव्हा हुकाला हात पोचवायला मला टाचा उंच कराव्या लागल्या होत्या. दुसऱ्या वर्षी नुसता हात वर केला तरी पुरला. इन्सीराह धावू लागली त्या वर्षी तो माझ्या कपाळाशी होता. यंदा ती शाळेत जाऊ लागली.

आणि आज तू म्हणालास, हुक बरोबर तोंडासमोर येतो.